तिथं तो नवरा कुणाचा?

करुणा अमृत भोरे यांना साताऱ्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. तेहतीस वर्षं त्या सरकारी दवाखान्यांत नर्स होत्या. आधी शिराळ्याला, लग्नानंतर उंब्रजला. हायवेवरचे अपघात, अडलेल्या बाळंतिणी, सर्पदंश, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. आवाज मोठा, काम चोख, आणि अर्धवट उत्तर दिलेलं मुळीच खपत नाही. डॉक्टर ‘बघू’ म्हणाले की त्या विचारायच्या, “आवं, बघू म्हंजे कवा बघू?”

अमृत भोरे इथल्या एका हायस्कुलात चित्रकलेचे मास्तर होते. त्यांची पहिली बायको लीना, मिरजेची. लग्नाला तीन वर्षं झाली आणि काविळीनं गेली. मागं दोन वर्षांचा मुलगा राहिला, इम्मानुएल. घरात मनू. पुढं दोन वर्षांनी अमृतसरांनी करुणाबाईंशी लग्न केलं. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. मनूला त्यांनीच वाढवलं, पण मनूची आजी, म्हणजे अमृतसरांची आई अंबूबाई, हिनं पहिल्याच दिवशी पोराला शिकवलं होतं, “ही मावशी. आई वर हाय.” तेव्हापासून त्या मावशीच राहिल्या.

अमृतसर दोन वर्षांपूर्वी गेले. सदतीस वर्षांचा संसार झाला होता. त्यांच्या आईनं सांगून ठेवल्याप्रमाणे त्यांना लीनाबाईंच्या शेजारी पुरलं. दफनाच्या वेळी बाहेरगावच्या एका उपदेशकांनी प्रार्थना केली. ते म्हणाले, सर आज आपल्या लीनाच्या मिठीत विसावले. मी सिस्टरांच्या मागंच उभा होतो. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. ‘ऐकलंत का?’ एवढंच त्या नजरेत होतं.

वर्ष होत आलं तेव्हा कबरेवर दगड बसवायचं ठरलं. मजकूर मनूनं पुण्याहून परस्पर पाठवला. दगड कोरणारे बादशहाभाई शहाण्या माणसासारखे आधी सिस्टरांकडे आले.

“सिस्टर, ह्यात तुमचं नाव दिसंना. चुकून ऱ्हायलं का?”

कागदावर अमृत भोरे यांचं नाव होतं, खाली लीना, आणि त्याखाली ओळ होती : ‘पती-पत्नी स्वर्गात पुन्हा एकत्र.’

“छिन्नी लावली का?” सिस्टरांनी विचारलं.

“न्हाई अजून.”

“मग लावू नगा. मी सांगंस्तवर न्हाई.”

कागद पर्समध्ये घालून त्या तडक पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेल्या. आमचे पाळक रेव्हरंड सातपुते, सौम्य माणूस. मंडळीचा सेक्रेटरी म्हणून मी तिथंच हजेरीपट लिहीत बसलो होतो.

“पाळकसाहेब, सरळ सांगा. वर गेल्यावर हा मानूस कुणाचा नवरा? तिचा का माझा?”

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. त्यांनी बायबलातल्या सदूकी लोकांची, म्हणजे मेलेले पुन्हा उठतात हे न मानणाऱ्यांची, गोष्ट सांगितली. एका बाईनं एकापाठोपाठ सात भावांशी लग्न केलं, सातही मेले, मग ती पुनरुत्थानात कोणाची बायको, असं या लोकांनी प्रभूला अडवून विचारलं होतं. प्रभूनं उत्तर दिलं की तिथं कोणी लग्न करत नाही की करून देत नाही. माणसं देवदूतांसारखी असतात.

“म्हणजे करुणाबाई, ते ना लीनाबाईंचे, ना तुमचे. लग्नाची शपथ आपण मरेपर्यंतचीच घेतो की.”

“मंग ही दगडावरची वळ खोटी.” सिस्टरांनी कागद पुढं सरकवला.

“खोटी असं कसं म्हणू? मुलाच्या भावना आहेत.”

“शास्त्रात न्हाई आनि खोटीबी न्हाई. असं कसं वो? मंग मनूला तुमी सांगा.”

“तुम्ही घरच्या घरी मिटवलंत तर बरं,” पाळकसाहेब म्हणाले. “आणि तिथं एकमेकांची ओळख राहीलच ना. प्रीती काही वाया जात नाही.”

“ऱ्हाईल? हे कुठं लिवलंय?”

ते बराच वेळ बोलले. प्रभूच्या रूपांतराची गोष्ट सांगितली, डोंगरावर शिष्यांना शेकडो वर्षांपूर्वीचे मोशे आणि एलिया कसे ओळखू आले ते सांगितलं. शेवटी मात्र कबूल केलं की नवरा-बायको एकमेकांना ओळखतील असं थेट लिहिलेलं नाही. आपण विश्वासानं तसं धरतो.

सिस्टर उठल्या. “सात भावांची चौकशी झाली. त्या बाईला इचारलं का कुनी, तुला कोन पायजे म्हनून?”

 

त्या बुधवारी महिला संघाच्या प्रार्थनेत सिस्टरांनी तोच विषय काढला. तिथं काय झालं ते माझ्या बायकोनं घरी येऊन सांगितलं. कोणी म्हणालं, आधीचं लग्न ते खरं लग्न. कोणी म्हणालं, असलं विचारायचं नसतं. तेवढ्यात कोपऱ्यातून सगुणाबाई वायदंडे बोलल्या. त्यांच्या नवऱ्यानं जन्मभर दारू पिऊन त्यांना मारलं होतं.

“तिथं लगीन न्हाई म्हनतासा? नक्की? लय झ्याक झालं बया! मला वाटायचं, वर गेल्यावरबी त्येच्याच भाकरी थापायच्या.”

बायका हसायला लागल्या. सिस्टर हसल्या नाहीत. प्रार्थना संपायच्या आधीच त्या घरी गेल्या.

काम थांबवल्याचं कळलं तसा मनू शनिवारी पुण्याहून आला. बेचाळीस वर्षांचा माणूस, पण दारातूनच त्याचा आवाज चढला होता. साक्षीला असावं म्हणून सिस्टरांनी मला बोलावून घेतलं होतं.

“मावशी, तुम्ही बादशहाभाईंना का अडवलंत? माझ्या आईवडिलांचा दगड आहे तो.”

“आनि मी कोन? भाडंकरू?”

“तुमचं नाव तुमच्या वेळी येईलच ना.”

“मी मेल्यावर? तवर मी न्हाईच का?”

मनू खाली बसला. हळू आवाजात म्हणाला, “आजी मला रोज सांगायची. आई वर वाट बघतेय, पप्पा गेले की दोघं मिळून तुझी वाट बघतील. मला आईचा चेहरासुद्धा आठवत नाही. माझ्याकडं तिचं एवढंच आहे. तेही खोटं म्हणता?”

“मी न्हाई म्हनत. शास्त्र म्हनतं.”

“मग शास्त्रानुसार ती माझी आई तरी राहील का?”

 हा प्रश्न सिस्टरांनी पाळकसाहेबांना विचारला नव्हता. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तो मनूसमोर ठेवला, पण स्वतः बसल्या नाहीत.

“तुला एक म्हाईत न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुझ्या पप्पांचं डोकं शेवटी गेलं हुतं ते तुला ठावं हाय. तू यायचास तवा ते गप बसून असायचे. पन शेवटचं सव्वा वरीस ते मला लीना म्हनत हुते. अंग पुसताना लीना, घास भरवताना लीना. आनि एखाद दिवशी मी म्हनले, आवं मी करुणा, तर म्हनायचे, सिस्टर, आमची लीना कुठं गेली?”

मनूनं तांब्या बाजूला सारला.

“तू आनि वर दगडावर लिव की त्ये एकत्र हाईत. लिव. पन सदतीस वर्सं मी कुनासंगट ऱ्हायले, त्ये मला कुनीतरी सांगावं.”

“फोनवर का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? तुझा बाप मला वळखत न्हाई म्हनून सांगू?”

मनू रडला नाही, पण त्या दिवशी त्याचा आवाज पुन्हा चढला नाही. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर त्यानंच कागद मागून घेतला आणि स्वर्गाची ओळ खोडली. खाली काय लिहायचं यावर दोघांचं पुन्हा वाजलं. शेवटी सिस्टर म्हणाल्या, “वरचं आपल्याला म्हाईत न्हाई. जे हितं झालं तेवढं लिवा.” मग बादशहाभाईंनी कोरलं : ‘अमृत येशुदास भोरे, लीना व करुणा यांचे पती.’ सिस्टरांचं नाव दुसरं आलं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “क्रमानं तेच बराबर हाय.” पण तो दिवसभर त्या कोणाशी धड बोलल्या नाहीत.

दगडाच्या समर्पणाला सगळी मंडळी जमली. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत जपून शब्द वापरले. सर आपल्या प्रियजनांमध्ये आहेत, म्हणाले. ‘आमेन’ झाल्यावर सिस्टरांनी त्यांना तिथंच गाठलं.

“प्रियजन म्हंजे कोन वो? आनि ह्या ओळखीचं काय ठरलं?”

“पुढच्या महिन्यात या विषयावर शास्त्राभ्यास ठेवू,” ते म्हणाले. ते पुढचे महिने आता पाच-सहा होऊन गेले. शास्त्राभ्यास झाला नाही. सिस्टर दर रविवारी आठवण करतात. पाळकसाहेब मान डोलावतात.

गेल्या महिन्यात त्या माझ्याकडं सेक्रेटरी म्हणून एक अर्ज घेऊन आल्या. भोऱ्यांच्या जागेत माझं दफन करू नये, शिराळ्याकडं माझ्या माहेरच्या गावी, माझ्या आईच्या शेजारी करावं, असं लिहिलं होतं. खाली सही आणि तारीख. मी म्हणालो, “सिस्टर, रागात लिहिताय. मनूला विचारलंत का?”

“सांगितलं. गप बसला.”

“आणि सर?”

“त्यांचं काय? तिथं लगीन न्हाई म्हनताय ना सगळी? मंग मी कुठंबी पडले तरी काय फरक पडतोय?” मग म्हणाल्या, “मला नवरा नगो हुता वो पाळकाकडनं. मला एवढंच पायजे हुतं की त्यो मला बघून माझं नाव घील. तेवढंबी कुनी छातीवर हात ठिवून सांगंना.”

अर्ज मी फाईलला लावला. कमिटीत तो मंजूर व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत.