उघड्या दाराचा वर्ग

नलिनी पोहनकर ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होती. इंजिनिअरांनी पेन्सिलीने काढलेले आराखडे पारदर्शक कापडावर काळ्या शाईने उतरवायचे, हे तिचं काम. भोपाळच्या त्या सरकारी कारखान्यात हजारो माणसं होती, पण नलिनीइतका स्थिर हात कुणाचाच नाही, असं तिचे साहेब चारचौघांत सांगायचे. त्यामुळे १९६७ साली तिच्या हातून एका मापात अडतीसचा तेहतीस झाला, तेव्हा तिच्यावर संशय कुणालाच आला नाही.

त्या मापाने बनवलेला एक मोठा शाफ्ट भंगारात गेला. मशीनवरची प्रत तेलाने माखून वाचण्यापलीकडे गेली होती. ठपक्याचा मेमो मिळाला काशिनाथ नावाच्या मशिनिस्टला. नलिनीने मूळ ट्रेसिंग काढून पाहिलं, चूक दिसली, आणि तिने ब्लेडने तो आकडा खरवडून गुपचूप दुरुस्त केला. सुटली! पण त्यानंतर कँटीनच्या रांगेत काशिनाथ पुढे उभा दिसला की ती डबा न उघडताच परत फिरायची.

शेजारच्या टेबलावरच्या रूथबाई साळवे मूळच्या जालन्याच्या, ट्रेसिंगमध्येच केस पांढरे झालेल्या. त्यांनी हे हेरलं. "नलू, काय खातंय तुला?" एवढंच विचारलं, आणि नलिनीने सगळं ओकून टाकलं. रूथबाईंनी उपदेश केला नाही. येशूच्या चरित्राची एक पातळ मराठी पुस्तिका दिली आणि म्हणाल्या, "वाच. मग काय करायचं ते तुझं तूच ठरव."

तिने ती दोन दिवसांत तीनदा वाचली. ज्यांनी खिळे ठोकले त्यांनाही जो माफ करतो, त्याच्यापुढे आपल्याला तोंड लपवायची गरज नाही, असं तिला पहिल्यांदा वाटलं. तिसऱ्या दिवशी ती ट्रेसिंग घेऊन साहेबांसमोर उभी राहिली. "चूक माझी आहे. लपवलीही मीच." काशिनाथचा मेमो रद्द झाला, नलिनीची बढती तीन वर्षं लांबली. घरी परतताना मात्र ती चक्क गुणगुणत होती.

पुढची दोन वर्षं ती रूथबाईंबरोबर रविवारी चर्चमध्ये जात राहिली आणि १९६९ मध्ये तिने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. घरी तिने आधी सांगितलं. वडील दत्तात्रय पोहनकर छप्पन साली सरकारी कचेरी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा कचेरीसोबत आलेले. निवृत्तीनंतर मोठ्या मुलाच्या, त्याच कारखान्यात इंजिनिअर असलेल्या मधुकरच्या, टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये राहायचे.

"कुणी फसवलं तुला? लग्नाचं आमिष आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. आमिष कुणाचंच नाही."

"मग आमचे देव कमी पडले?"

"मी कमी पडले होते. त्याने मला सावरलं. आता त्याला ओळख दाखवायची नाही, हे मला जमणार नाही."

"तर मग या घराची ओळख विसर."

आई, लीलावती, पदर तोंडाशी धरून उभी होती. मधुकर दुसऱ्याच दिवशी रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करून आला. नलिनी दोन साड्या आणि आपली शाईची पेनं घेऊन रूथबाईंकडे गेली. रडली, नाही असं नाही. पण आपण चुकलो, असं तिला एकदाही वाटलं नाही.

पाच वर्षं त्या घराचं दार तिला बंद राहिलं. कारखान्याच्या फाटकाशी दादा समोर आला तरी नजर वळवायचा.

मग एका शनिवारी बाजारात मधुकरची बायको, शालिनी, तिच्यासमोर येऊन थांबली. कडेवर त्यांची चार वर्षांची मुलगी वसुधा. मागून ट्रकने कर्कश हॉर्न वाजवला. सगळा रस्ता दचकला. वसुधा मात्र हातातल्या बोराशी खेळत राहिली.

"ताई, हिला जन्मापासून ऐकू येत नाही," शालिनी म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, शिकवलं तर बोलेल. पण इथे शिकवणारं कोणी नाही, आणि नागपूरच्या शाळेत हिला एकटीला ठेवायला सासूबाई तयार नाहीत. मी तुम्हाला भेटले हे घरी माहीत नाही."

नलिनीने महिनाभर चौकशी केली. अशा मुलांना शिकवण्याचा वर्षाचा कोर्स नागपूरला होता. कारखाना वर्षाची रजा देईना. त्या काळात पक्की सरकारी नोकरी म्हणजे जन्माची भाकरी, आणि त्यात बाई एकटी. तरी तिने राजीनामा दिला. साहेबांनी तो दोनदा परत केला. "पोहनकर, ज्यांनी तुला घराबाहेर काढलं त्यांच्या पोरीसाठी?"

"पोरीने कुठे काढलं, सर?" ती म्हणाली. "आणि मला माफी मिळाली तेव्हा कुणी हिशेब मागितला नव्हता."

कोर्स पुरा करून वर्षाने ती परतली. चर्चच्या आवारातली एक खोली मिळाली. शालिनीने वसुधाला तिथे आणलं, आणि मधुकर पहिल्याच दिवशी तणतणत आला.

"मुलीच्या आडून धर्म वाढवायचाय तुला. कळतं मला."

"दादा, मी तिला शब्द शिकवणार. देव तिचा ती मोठी झाल्यावर शोधेल. पण रविवारी मी कुठे जाते असं तिने विचारलं, तर खोटं सांगणार नाही. दार उघडंच असेल. तू दारात खुर्ची टाकून बस."

तो खरंच बसला. सकाळची पाळी संपली की वर्तमानपत्र घेऊन यायचा आणि पान न उलटता ऐकायचा. नलिनी वसुधाचा तळहात आपल्या गळ्यावर ठेवायची, आवाजाची थरथर जाणवू द्यायची, मग तोच हात तिच्या गळ्यावर. एक अक्षर, शंभर वेळा. तिसऱ्या आठवड्यात नलिनी म्हणाली, "नुसता पहारा काय देतोस? ये, तुझ्या गळ्याला हात लावू दे तिला. घरी तूच बोलणार आहेस तिच्याशी." तो अवघडत उठला, सतरंजीवर मांडी घालून बसला. दोन महिन्यांनी वसुधा त्याच्याकडे बघून "बा... बा" म्हणाली. भल्या मोठ्या टर्बाइनच्या आराखड्यांवर सही करणारा तो माणूस बहिणीसमोर ओक्साबोक्शी रडला.

त्याने दुसऱ्या दिवसापासून खुर्ची आणली नाही. शेजारच्या क्वार्टरांतली आणखी दोन मुलं मात्र आणली.

आई मग राजरोस येऊ लागली, मुलांसाठी मुरमुऱ्याचा चिवडा घेऊन. वडील आले नाहीत. नलिनी सणावाराला घरी गेली की ते देवघरात जाऊन बसायचे. तीही हट्टाने समोर जायची नाही. लोक विचारायचे, पुन्हा पूर्वीसारखं सगळं हवं म्हणून थोडं नमतं का नाही घेत? ती म्हणायची, "नमायचं तिथे नमलेय की."

वसुधा दहावी पास झाली तेव्हा मधुकरने भोपाळमधल्याच सोनागिरी वस्तीत घर बांधलं होतं. दत्तात्रय काठी टेकत, कुणाला न सांगता, रिक्षा करून वर्गावर आले. हातात पेढ्यांचा पुडा.

"तू धर्म सोडलास ते चूकच, असं मी आजही म्हणतो," ते उभ्यानेच म्हणाले.

"म्हणा ना बाबा."

"पण हे जे केलंस ते माझ्याच्याने झालं नसतं." त्यांनी पुडा तिच्या हातात ठेवला. "पाणी दे."

एकोणीस वर्षांनी ते तिच्या हातचं पाणी प्यायले. एक पेला पिऊन दुसरा मागितला.

नलिनी आता जवळच्याच अवधपुरीत दोन खोल्यांत राहते. वर्गाची शाळा झाली आहे आणि तिच्याकडे शिकून गेलेल्यांतले तिघे कारखान्यात कामाला लागले. वसुधा त्याच शाळेत चित्रकला शिकवते, घरी गणपती बसवते, आरतीला आत्याला आग्रहाने बोलावते. आत्या जाते, मोदक खाते, आरतीच्या वेळी मागे शांत उभी राहते आणि रविवारी सकाळी छत्री घेऊन चालत चर्चमध्ये जाते. परवा नव्या शेजारणीने विचारलं, "बाई, एवढं सगळं सोडून मिळालं काय तुम्हाला?"

नलिनी हसली. "या एखाद्या सकाळी वर्गावर," ती म्हणाली, "दार उघडंच असतं."