आपणहून पाळलेला गुरुवार

आमच्या डोंबिवलीच्या घरात आई गुरुवार कडक पाळते. त्या दिवशी घरात अंडंसुद्धा शिजत नाही, म्हणून कुत्र्यालाही दहीभातच; तो दिवसभर फुरंगटून बसायचा. गेल्या वर्षी पंधरा दिवसांत तो निम्मा झाला. ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, बहुधा कॅन्सर आहे, इंजेक्शन देऊन सोडवायचं का ते तुम्ही ठरवा. आम्ही का ठरवायचं? मला त्यांचा रागच आला.

पुढच्या गुरुवारी आईने स्वतः चिकन उकडून त्याच्या तोंडाशी धरलं. त्याने तिचा हात चाटला आणि मान फिरवली. मी डॉक्टरांना फोन केला. रडत होतो, पण सुटल्यासारखं वाटत होतं. ठरवलं त्यानेच होतं.

पातेलं घासता घासता आई म्हणाली, "बघ, आज त्याने आपणहून गुरुवार पाळला."