हाताखालचा आकडा

"ढकला. ढकला. सोडा." मॅडम एवढंच बोलायच्या. त्याआधी डाव्या हाताचा तळवा यंत्राच्या काचेवर ठेवायच्या, म्हणजे आकडा त्यांच्याखेरीज कुणाला दिसू नये. किहीमच्या रस्त्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. तिथे पाठ दाखवायला गेला असाल, तर तो तळवा तुम्हीही पाहिला असेल. गावात त्यांना ढकला मॅडम म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि हरकतही नव्हती.

माझी पाठ कित्येक वर्षं दुखते, म्हणून मी दर मंगळवारी जायचो. कंबर आणि मांड्या पट्ट्यांनी खुर्चीला आवळायच्या, पाठीमागे गादी लावायची, आणि तिला मागे रेटायचं. स्नायूंत जोर किती, ते काचेवर किलोत उमटे. पहिला आकडा त्या कधीच धरत नसत. पहिल्या वेळी माणूस एकतर घाबरतो, नाहीतर ईर्ष्येने रेटतो, म्हणायच्या. मग मध्ये विश्रांती देऊन तीन वेळा घ्यायचं, आणि तिन्ही जुळले तरच लिहायचं. न जुळले तर पुढच्या मंगळवारी या. कुणी कण्हलं तरी आवाज तोच. मी एकदा म्हटलं, जरा धीर दिलात तर बरं वाटेल. म्हणाल्या, "मी ताकद मोजते. धीर मोजायचं यंत्र नाही माझ्याकडे."

मला ही रीत पटायची. मोजणाऱ्याने लुडबूड केली की मोजमाप बिघडतं.

मुनीर माझा शेजारी. कुवेतला गोदामात माल चढवायचा. पाठ धरली म्हणून घरी आला होता. मालक पुन्हा घ्यायला तयार होता, पण पाठीच्या ताकदीचा दाखला मागत होता. तो बायकोला, रुकसानाला, घेऊन मॅडमकडे आला तेव्हा मी बाकावर बसलो होतो. पहिल्या वेळी त्याने असं रेटलं की खुर्ची करकरली. रुकसाना "अजून, अजून" म्हणायला लागली. मॅडमनी तिला बाहेर बसवलं आणि तो आकडा सोडून दिला. पुढच्या तीन वेळांत मुनीरचा चेहरा पांढरा पडत गेला, आणि तिन्ही आकडे जुळले.

"किती आला, ते तरी सांगा."

"आकडा कळला की माणूस आकड्याशी भांडत बसतो. ओझं उचलायच्या कामाला अयोग्य, असं लिहिते."

"मॅडम, पाठ माझी हाय."

"पाठ तुमची. आकडा माझा."

बाई खुन्नस काढते, असं तो गावभर सांगत सुटला. मग मांडव्याहून बोट धरून मुंबईला गेला. तिथल्या दवाखान्यात यंत्राचा पडदा समोर होता, दोघं जण टाळ्या वाजवून ओरडत होते, आणि आकडा चढताना दिसत होता. दाखला मिळाला. त्याने बर्फी वाटली, मुद्दाम मॅडमकडेही नेली.

"ऐंशीवर गेला, मॅडम."

"पहिलाच धरला त्यांनी?"

"पहिलाच. दुसरा घेतलाच न्हाय."

मॅडमनी बर्फी खाल्ली, हात धुतले आणि माझे पट्टे आवळायला घेतले.

काही महिन्यांनी मुनीर कुवेतहून परत आला, तो चाकाच्या खुर्चीतून. गोदामात खोका उचलताना खाली बसला होता, तो पुन्हा उठला नाही. ऑपरेशन झालं, पण पाय गेले ते गेलेच.

रुकसानाने मला गाडीवरून मॅडमकडे न्यायला सांगितलं. आत शिरताच म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं."

"मी लिहून दिलं होतं."

"अयोग्य लिहिलंत. किती अयोग्य, ते हाताखाली ठेवलंत."

मॅडमनी वही उघडून पाहिलं. मग म्हणाल्या, "एकोणीस किलो."

"म्हंजे किती?"

"तुम्ही बसलात तर तुमचा याहून जास्त येईल."

रुकसाना सरळ त्या खुर्चीत जाऊन बसली. "मोजा मग. आता त्यांना मीच उचलते, सकाळ-संध्याकाळ."

मला वाटलं, आता तरी बाई दोन शब्द बोलतील. त्यांनी बकलात अडकणारी ओढणी हळूच बाजूला केली, पट्टे आवळले, आणि तळवा काचेवर ठेवला. ढकला, ढकला, सोडा. आवाज तोच. रुकसाना रडत रडत रेटत होती. सुटल्यावर तिने किती आला म्हणून विचारलं. तळवा काचेवरून हलला नाही.

"पहिला धरत नाही. परत एकदा."

दिवाळीनंतर मॅडम खोल्या रिकाम्या करून गेल्या. कुठे, ते कुणालाच सांगितलं नाही. यंत्र तेच आहे. नवे डॉक्टर गोड आहेत, शाब्बास काका म्हणतात, आकडा दाखवतात. माझा आठ किलोंनी वाढला आहे. चपलेचा पट्टा अजून बायकोच लावून देते.

गेल्या मंगळवारी माझ्या आधी रुकसाना होती. उचलून उचलून आता तिचीही पाठ गेली आहे. तिने रेटलं, डॉक्टरांनी टाळी वाजवली, आणि तिला दिसावं म्हणून यंत्र तिच्याकडे वळवलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"हा पहिला हाय," ती म्हणाली. "हा धरू नका."