पळसाचा रंगीत फोटो

मोहफुलांचा वास आला की किन्हीराजा गावाजवळच्या जंगलातली ती सकाळ आठवते. सूर्य उगवायचा होता आणि धूसर उजेडात सागाची झाडं तरंगल्यासारखी दिसत होती. मी कृष्णधवल फोटो काढत होतो. रंगांनी ती शांतता मोडली असती. सोबत आलेली बायको म्हणाली, “एक रंगीत काढा ना. माय महिन्यापासून दवाखान्यातली भिंतच पाहून राह्यली.” मग मनाविरुद्ध मी फुललेल्या पळसाचा रंगीत फोटो काढला. तो छापून सासूबाईंच्या हातात दिला, तेव्हा त्या केशरी फुलांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या. म्हणाल्या, “पळस फुलला म्हंजे होळी आलीच. मले घरी न्या.” होळीला त्या घरी होत्या, अंगणात खाटेवर, उन्हात डोळे मिटून. आता त्या नाहीत. माझ्या भिंतीवरच्या कृष्णधवल जंगलांत तेवढा एकच फोटो रंगीत आहे.