ओबाडाया लस्कमचं चौथं पदक

इंग्लंडच्या डेव्हनपोर्ट बंदरात राहणाऱ्या, आरमारातल्या खलाशी ओबाडाया लस्कमच्या छातीवर राणीची तीन पदकं होती, आणि तिन्हींबद्दल त्याच्या बायकोचं मत वाईट होतं. बाल्टिकच्या मोहिमेत त्याला गालफुगी झाली होती. सगळी लढाई त्याने गाल शेकत काढली. क्रिमियाचं मिळालं ते बटाट्याची पोती वाहून. चीनच्या वेळी तर जहाज नदीच्या गाळात रुतलं होतं.

"जहाजावर होतास म्हणून मिळाली. मग उंदरांनाही द्यायची होती," केझाया म्हणायची. "चांगल्या वागणुकीचं आण, मग मानते."

त्या पदकासाठी एकवीस वर्षं नावावर एकही डाग चालत नाही. ओबाडायाने सारंगाच्या शिव्या गिळल्या, गुत्त्यांवरून मान खाली घालून चालला, आणि एकदाची वर्षं भरली. रविवारी दुपारी दोनला कप्तान साऱ्या खलाशांसमोर पदक लावणार असं ठरलं.

घात केला तो रिवाजाने. जहाजावर दुपारी बाराला प्रत्येकाला रमचं माप मिळतं, आणि ज्याचा मानाचा दिवस असतो त्याला पंगतीतला प्रत्येक जण आपल्या मापातला एक घोट देतो. तो नाकारणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. पंगतीत त्याच्याखेरीज अठरा जण होते.

"अरे, दोनला कप्तानसमोर उभं राहायचंय मला!" ओबाडाया काकुळतीला आला.

"एक घोट तर आहे," म्हातारा टोबायस म्हणाला.

"तुझा एक. असे अठरा आहेत!"

"म्हणजे माझाच नको होय रे?"

झालं. अठराही घोट पोटात गेले. दोन वाजता दोघा मित्रांनी त्याला मधे असं चेपून धरलं, की पडायला जागाच उरली नाही. कप्तान पदक लावायला वाकला आणि थबकला. त्याने हुंगलं. एकवीस वर्षांची कमाई आता त्या एका नाकावर होती.

"लस्कम, एकालाही नाही म्हणाला नाहीस?"

"कुणाचं मन मोडवेना, साहेब."

"चांगली वागणूक!" कप्तान सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, पदक लावलं आणि पुटपुटला, "आता हलू नकोस."

घरी केझायाने दार उघडलं आणि एकच श्वास घेतला. ओबाडायाने सगळं कबूल केलं. आता ताटल्या फुटणार म्हणून तो भिंतीला टेकून उभा राहिला. पण तिने त्याच्या छातीवरचं नवं पदक काढलं.

"या एकवीस वर्षांत तू घरी किती होतास रे?"

तो बोटांवर मोजू लागला.

"राहू दे. दोन बाळंतपणं मी एकटीने काढली. तुझ्या आईला अंथरुणात भरवलं. दारात घुटमळणाऱ्या गड्यांना झाडूने हाकललं. माझ्या नावावर आहे एक तरी डाग?"

"नाही," तो म्हणाला. त्याची उतरली ती तिथेच.

तिने पदक आपल्या काळ्या झग्यावर, डाव्या बाजूला लावलं आणि प्रार्थनेला निघाली. तो मागून चालत राहिला. त्याला लाज वाटत होती आणि तिचा अभिमानही.

प्रार्थनाघराच्या दारात पाद्रीबाबा हसून म्हणाले, "अगं, हे तर ओबाडायाचं ना?"

ओबाडायाने टोपी काढली. "नाही बाबा. जिचं आहे तिच्याच छातीवर आहे."