एकाच गुहेतले

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तलमडुगुच्या बाजारात वांगी तोलत होते. वहिनी नुसतं "बाई..." म्हणाली आणि मी तराजू खाली ठेवला. वर्षभर मी भावाशी बोलले नव्हते. आता कधी बोलणार होते?

दादा आदिलाबादच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. घरात काचेच्या पेटीत त्यानं बिनडोळ्यांचे मासे पाळले होते, हैदराबादेहून आणलेले. फिकट गुलाबी, अन् डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. मला तर पहिल्यांदा शिसारीच आली. "अगं, यांचं काई अडत नाई," दादा हसायचा. "अंड्यात असतानी डोळे धरतात, मंग आतल्या आत विरतात. पिढ्यान्‌पिढ्या गुहेच्या अंधारात राह्यले, तिथं डोळ्यांचं काय काम?" दाणे टाकले की पाणी हललेलं ओळखून ते नेमके यायचे. दादा कौतुकानं बघत बसायचा, चहा गार व्हायचा अन् वहिनी ओरडायची.

मासे पाळायचं खरं कारण आमचे वडील, आबा होते. आबांना चाळिशीच्या आतच आधी संध्याकाळी दिसेनासं झालं, मग दिवसाही. भिंत चाचपत चालायचे बिचारे. आबांचे आईवडील मामे-आतेभावंडं. आमच्यात तशी रीतच आहे, म्हणून गेल्या साली मीही खण-नारळ घेऊन दादाची वैदेही माझ्या मंगेशसाठी मागायला गेले. दादानं नारळाला हात लावला नाही. मला पेटीपुढं नेलं.

"हे एकाच गुहेतले, शेवंते. यांची सारी पिल्लं आंधळीच निपजतात. पन दोन येगळ्या गुहांतले आंधळे एकत्र आनले, तर काई पिल्लांना डोळे येतात. दोघांतली खोट येगळी असते, एकाचं उणं दुसरा भरून काढते. आबांची खोट तुह्यात हाये, माह्यात हाये. आपल्याला दिसते, म्हनून ती नाई असं नाई. दोन्ही पोरांत उतरली असन, तर त्यांच्या लेकराचं काय? आपन एकाच गुहेतले आहो."

"माह्या पोराले आंधळा मासा म्हनतोस काय रे?" मी फणकारले अन् नारळ तिथंच टाकून निघाले. त्यानंतर त्याचे किती फोन आले, एक उचलला नाही. काय हा माझा ताठा! आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तेरवी झाली आणि आठच दिवसांत वहिनी माझ्या दारात उभी. हातात नारळ. "बाई, आता तुमीच पोरीले पदरात घ्या. ते काऊन नाई म्हनत होते, मले कधी सांगितलंच नाई."

बायकोलाही सांगितलं नाही दादानं! बभ्रा झाला तर वैदेहीला कोणी करणार नाही, ही भीती एकट्यानं उरात धरून बसला होता. मी नाही म्हटलं तर वहिनी म्हणणार, नणंदेनं उट्टं काढलं. हो म्हणावं तर भिंत चाचपणारं नातवंड डोळ्यांपुढं यायचं...

मी नाही म्हटलं. कारणही सांगितलं, सगळं. वहिनी आधी तणतणली, मग खाली बसून रडली. "मंग माह्या पोरीले कोन करन?"

"मी पाह्यते," मी म्हटलं. म्हणून तर गेले, पण झोप उडाली.

गेल्या रविवारी आम्ही दोघी नेरडीगोंड्याला एका मुलाचं घर पाहायला गेलो. पोह्यांची बशी हातात आली अन् मला राहवलंच नाही. "तुमच्यात कोनाले संध्याकाळी दिसत नाई, असं हाये काय?" वहिनीनं माझा पदर ओढला. मुलाच्या आईनं मला नीट न्याहाळलं.

"नाई. तुमच्यात?"

दादा, तू हे परक्या कुणापुढं एकदाही बोलला नाहीस रे... मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"हाव," मी म्हटलं. "माह्या बापाले दिसत नव्हतं."

विचार करून कळवतो म्हणाले. आज चौथा दिवस आहे.