यादीत सगळ्यात वर ठेवलेला आवाज

अवं नाती, घरी ये. काऊन नुसत्या फोनवर भागवून राह्यली?

तुह्या आजोबाच्या जुन्या रेकॉर्डिंगचा मॉड, म्हंजे गेमले वरून लावाची जोड, करून तू गेममधल्या नावाड्याले त्याइचा आवाज दिला होता. नाव काठाला लागली का तो म्हणे, "अवं, जेवली का?" ते गेल्यावर मी तेवढ्यासाठीच रोज कॉम्प्युटर लावत होती.

परवा मॉडची यादी पाह्यली, तं त्याइचं नाव तळाशी. आपल्या लग्नपत्रिकेत गेलेल्या माणसाचं नाव आधी टाकतात, म्हणून मी ते उचलून वर ठेवलं. तवापासून नावाडी परक्या आवाजात बोलते.

तू फोनवर हासली. "आजी, खालचा मॉड वरच्याले झाकते, म्हणून दुसऱ्या मॉडचा आवाज येते. आजोबाले शेवटी ठेव."

समजलं मले. पण माह्या हातानं त्याइले खाली ढकलवत नाई. तूच ये ना कुरखेड्याले, येत्या रविवारी.